झडपेतलं भोक

उल्कानची गाय अंगणात उभी राहून कालिपाची भिंत खात होती.

नारिन शहरातून आलेल्या टॅक्सीतून कालिपा उतरली, पिशव्या खाली ठेवल्या आणि बघतच राहिली. लेकीच्या बाळंतपणासाठी ती तिकडे गेली होती. नात झाली, सगळं सुखरूप पार पडलं, आणि येताना वाटभर तिच्या डोक्यात आपलं नवं घरच घोळत होतं. आता त्याच घराच्या मागच्या भिंतीला परात मावेल एवढं भोक पडलं होतं. भोकातून धुराड्याचा काळाकुट्ट लोखंडी पाइप बाहेर आला होता आणि उपसून काढलेलं जवाचं काड अंगणभर पसरलं होतं. गाय ते मिटक्या मारत खात होती.

"हट्! हट् मेले!" कालिपाने गायीला पिटाळलं आणि ती तरातरा घरात शिरली.

स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तिच्या छातीएवढा उंच बॉयलर उभा होता. त्याच्यापुढे तिचा मुलगा मेलिस घाम पुसत उभा होता, आणि गुडघ्यावर बसून पाना फिरवत होता तिचा थोरला दीर.

"आपा! आलीस पण?" मेलिस आईकडे बघून हसला. "उद्या येणार होतीस ना? तुला चकित करायचं होतं."

"केलंस की."

"बिश्केकहून खास आणलाय. आता तुला गोवऱ्या जाळायला नकोत, राख काढायला नको. पाण्याचे पाइप दोन्ही खोल्यांतून फिरवलेत. ऐटीत राहशील."

"भिंत कुणी फोडली?"

"मी फोडली," थोरला दीर न वळताच म्हणाला. "भिंत कसली, गवताची गंजी ती. सुरीनंसुद्धा कापली जाते. हात लावून बघ केलिन, कसं जाडजूड लोखंड आहे. याच्या तिप्पट घर तापवेल."

तिची साठी उलटली तरी तो तिला केलिनच म्हणे, म्हणजे सूनबाई.

"तिप्पट घर मी बांधलेलंच नाही," कालिपा म्हणाली. "मग एवढा राक्षस कशाला?"

"अगं, त्यात काय! कोळसा कमी घालायचा. पेटून लाल झाला की धुराड्याची झडप लोटून द्यायची. सकाळपर्यंत आतल्या आत धुमसत राहतो. ऊब कुठे जात नाही."

झडप लोटून द्यायची. हे शब्द कानावर पडले आणि कालिपा जागीच वळली. मग ती जे बोलली ते मेलिसने त्याच्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"जुमाकादिर," ती म्हणाली, "माझ्या घरातून बाहेर हो."

दिराच्या हातातला पाना खाली पडला.

सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. कालिपा लग्न होऊन आली तेव्हापासून त्याला "थोरले" म्हणत आली होती. नवरा गेला त्या दिवशीही ती रडताना "थोरल्यांना बोलवा" असंच म्हणाली होती. आता ते नाव तिच्या तोंडून असं निघालं, जसं कुणी दातात अडकलेला खडा थुंकावा. वर एकेरीत. जुमाकादिर सावकाश उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला.

"आपा, तुला वेड लागलंय का?" मेलिस कुजबुजला. "काकांचं नाव?"

"हो. आणि उद्या चौकात उभी राहून घेईन. हे धूड उचल माझ्या घरातून."

कालिपा ही कोचकोर खोऱ्यातली साधी टपालवाली. आयुष्यभर तिने गावातल्या घराघरांत टपाल नि पेन्शन पोचवली. हिवाळ्यात कुठल्या घरात शिरलं की नाकाला काय झोंबतं, कुठे भिंतीवर बुरशी आहे, कुठे म्हातारी कोटासकट झोपते, हे तिला पाठ होतं. तिचं स्वतःचं जुनं घर सर्वांत वाईट. सिमेंटच्या ठोकळ्यांचं, उंच छताचं. कितीही कोळसा घाला, पाठ गार नि पोट गरम. नवऱ्याची छाती त्याच घरात त्याच धुराने गेली.

म्हणून निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं, आपल्यापुरतं लहानसं घर बांधायचं. पॉपलरच्या खांबांमध्ये जवाच्या काडाच्या दाबलेल्या पेंढ्या, आतून-बाहेरून मातीचा गिलावा, छतावर जाड लोकर. लोकरीला बाजारात कुणी विचारत नाही, लोक ती ओढ्यात फेकतात. कालिपाने ती दारोदार मागून आणली, धुतली, वाळवली, पिंजली. गाव हसलं. मेंढ्यांचा गोठा म्हणालं. ती हसू दे म्हणाली. पण छत बंद झालं, खिडक्या लागल्या आणि ऑक्टोबरच्या गार सकाळी नुसत्या चहाच्या किटलीने खोली ऊबदार झाली, तेव्हा हसणारेच वाकून वाकून भिंती चाचपू लागले.

मग सुरू झाली सल्ल्यांची झोड. हे घर तापवायचं कशाने? मेलिस म्हणे वीज, नुसतं बटण दाबायचं. पण थंडी पडली की गावातली वीज आधी जाते, हे शहरात राहणाऱ्याला कोण सांगणार? शेजारीण उल्कान म्हणे लोखंडी शेगडी, चटकन तापते. "आणि चटकन विझते," कालिपा म्हणे, "मध्यरात्री उठून तिच्यापुढे बसायला मी काय तिची आया आहे?" जुमाकादिर म्हणे कोळशाचा बॉयलर, मोठा, कारा-केचेच्या खाणीतला कोळसा घालून. अर्ध्या गावात त्यानेच भट्ट्या बसवल्या होत्या, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा.

कालिपाला हवी होती विटांची भट्टी. लहान, पण जड. दिवसातून एकदा सुकी लाकडं नि गोवऱ्या घालून भडकून पेटवायची, पुरती जळू द्यायची, आणि मग विटांनी ती ऊब हळूहळू सोडायची. अशा बंदिस्त घराला तेवढी पुरे. तिने हे सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. आणि ती नारिनला गेल्याबरोबर भिंत फोडली.

संध्याकाळी मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं.

"लोक मला काय म्हणतील?" मेलिस म्हणाला. "मुलगा राजधानीत, आणि आई शेण जाळते!"

"लोक! घर माझं, भिंत माझी, थंडी वाजणार मला, आणि लाज वाटते तुला?"

"मी प्रेमानं आणला गं."

"प्रेमानं आणलास ना, मग आधी विचारलं का नाहीस? मी काय गोठ्यातली म्हैस आहे, माझ्याभोवती कूड घालायला? तो लोखंडी पाइप बघितलास कुठून काढलाय? काडातून! तापला असता तर घर माझ्यासकट पेटलं असतं."

मेलिसने भिंतीतल्या पाइपकडे पाहिलं. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बरं, ते चुकलं," तो म्हणाला. "पण काकांना एवढं? वडीलधारे आहेत."

कालिपाने चहाची वाटी खाली ठेवली. "तुझी मावशी कशी गेली?"

"मावशीनं झडप लवकर बंद केली. गॅस चढला. सगळ्यांना माहीत आहे."

"तिला कुणी सांगितलं होतं झडप बंद करायला?"

मग कालिपाने पहिल्यांदाच आपल्या मुलाला ते सांगितलं.

बुरुल तिची धाकटी बहीण. ती गेली त्या वर्षी तिच्या घराला नव्या प्लास्टिकच्या खिडक्या बसल्या होत्या, दाराला फटी बुजवायला लोकरीचा जाड नमदा ठोकला होता. जुमाकादिरने तिथे कोळशाची भट्टी बसवली. तेव्हा कालिपा तिथेच चहा पीत बसली होती. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, तो बुरुलला सांगत होता, निखारा लाल झाला की झडप लोटून द्यायची, ऊब सकाळपर्यंत टिकते. त्या हिवाळ्यात बुरुलचा नवरा सोल्तोबाय मेंढ्या घेऊन वरच्या गोठ्यावर होता. सकाळी टपाल द्यायला गेलेल्या कालिपाने दार उघडलं. बुरुल नमद्यावर झोपली होती, गाल छान गुलाबी. कालिपाला आधी वाटलं, किती गाढ झोपलीय.

मयताला गाव जमलं. जुमाकादिर सर्वांच्या पुढे बसला होता. "मी तिला हजारदा बजावलं होतं," तो म्हणाला, "निळी ज्योत विझल्याशिवाय झडप लावू नकोस. बायकांना घाई फार." पुरुषांनी हुंकार भरला. बायकांनीही भरला. कालिपा ताटं वाढत होती. सुनेने मयताच्या बैठकीत थोरल्या दिराला खोटं पाडायचं नसतं. ती ताटं वाढत राहिली. तेव्हापासून गावात कुठेही भट्टीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणे, "सांभाळ गं, बुरुलसारखं करू नकोस."

"मेली ती मेली, वर मूर्ख ठरली," कालिपा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "आणि आज तेच शब्द, त्याच तोंडानं, माझ्या घरात!"

मेलिसने दुसऱ्या दिवशी बॉयलर काढला. तो परत शहरात न्यायचीही त्याला लाज वाटली. जुमाकादिरच्या मोठ्या मुलाने आपल्या नव्या खोलीसाठी तो मागितला, आणि गाडीत घालून घेऊन गेला. कालिपाने निरोप धाडला की तो लावू नका, मोठा आहे, झडपेत धूर जायला भोकही नाही. निरोपाचं उत्तर आलं नाही. ज्या सुनेने थोरल्याचं नाव घेतलं तिला कोण उत्तर देणार?

गावाने तर तिला वाळीतच टाकायचं बाकी ठेवलं होतं. उल्कान चहाच्या निमित्ताने आली आणि बसता बसता म्हणाली, "अगं, नाव तरी घ्यायचं नव्हतंस. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं."

"तुझ्या गायीनं माझी भिंत खाल्ली, ते आधी बोल."

"ती काय, जनावर आहे."

"हो ना. तिला माफ आहे. माणसांनी खाल्ली त्याचं काय?"

भट्टी बांधायला तिने मुकाश नावाचा गवंडी बोलावला. पण तोही कमी नव्हता. आल्या आल्या म्हणाला, "आपा, एवढीशी भट्टी मी बांधत नाही. लोक म्हणतील मुकाशच्या विटा संपल्या."

"मग लोकांच्या घरी जाऊन मोठी बांध."

"छताला टेकेल अशी करू. शोभा येते."

"मला शोभा करायची नाही, ऊब घ्यायची आहे. उकडलं तर मी काय करीन? आग कोंडीन. आग कोंडली की काय होतं, ते गावात एकीला विचार. नाही, तिला विचारता येणार नाही."

मुकाशने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तगारी उचलली. तरी भांडणं झालीच. घरात फट नाही, तर आगीला हवा कुठून मिळणार, म्हणून कालिपाने जमिनीखालून बाहेरची हवा आणणारी नळी मागितली. तोंड पश्चिमेला. मुकाश म्हणाला, पश्चिमेला खिंडीचा वारा येतो, तुझी राख तुझ्याच तोंडावर उडेल. ती हट्टाला पेटली. त्याने नळी तात्पुरती टाकून दाखवली, आणि वाऱ्याच्या एकाच झोताने दोघांचेही चेहरे राखेने माखले. "बरं, पूर्वेला कर," कालिपा डोळे चोळत म्हणाली. "पण जाळी लाव, उंदीर शिरतील." झडपेतही तिने मुकाशकडून भोक पाडून घेतलं, अंगठा जाईल एवढं. झडप विसरून लावली तरी धूर वर जाईल असं.

फुटलेली भिंत तिने स्वतः भरली. काड, माती, त्यावर पुन्हा माती. तिथला गिलावा वेगळाच दिसत होता, तो तिने तसाच ठेवला.

बर्फ पडलं. आणि एका दुपारी जुमाकादिर तिच्या दारात येऊन उभा राहिला.

आत ये असं कालिपा म्हणाली नाही. पण दारही लावलं नाही. तो आला आणि भट्टीपासून लांब, उंबऱ्याजवळच बसला. त्याच्यासारखा वडीलधारा माणूस उंबऱ्याजवळ, धाकट्यांच्या जागी बसलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"माझी सून," तो म्हणाला. "सकाळी पीठ मळता मळता पडली. नव्या खोलीत. तिचं पोरगं रडायला लागलं म्हणून माझी बायको बघायला गेली. बर्फात आणून झोपवलं, तेव्हा कुठे शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, वाचली."

"झडप?"

"मीच लावली होती. खोली फार तापली होती."

भट्टीवरची किटली सुईंसुईं करत होती.

"बुरुलच्या वेळी..." जुमाकादिर म्हणाला आणि थांबला.

"पुरं करा."

"केलिन..."

"वाक्य पुरं करा, थोरले. मी इतकी वर्षं त्याची वाट पाहतेय."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बुरुलला मी सांगितलं होतं, लोटून दे म्हणून. बजावलं वगैरे काही नव्हतं. मयताला बोललो ते खोटं. तू तिथे ताटं वाढत होतीस. तुला माहीत आहे हे मला माहीत होतं."

तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपल्याला हलकं वाटेल. उलट रागाने तिचे कान तापले. म्हणजे याला तेव्हाही कळत होतं! तिची मान खाली आहे हे बघून हा निश्चिंत बसला होता!

"हे माझ्यापाशी बोलून काय फायदा?" ती म्हणाली. "मला तर माहीतच होतं. सोल्तोबायला सांगा. आणि ज्या ज्या घरात भट्टी बसवलीत तिथे जाऊन झडपेला भोक पाडा. का पाडताय तेही सांगा."

"गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"बुरुलला उरली होती का?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "एकट्याला जमायचं नाही. सोल्तोबायकडे तरी तू चल."

तिला नाही म्हणायचं होतं. मी का याचा हात धरून जाऊ? पण सोल्तोबाय त्याचं बोलणं मध्येच तोडून त्याला हाकलेल, आणि मग ते अर्धवट राहील, अशी भीती तिला वाटली. तिने शाल घेतली. जुमाकादिरने घरून ड्रिल आणलं आणि दोघं निघाली. तो पुढे, ती मागे. रस्त्यावरच्या बायका दारात येऊन बघत होत्या.

सोल्तोबाय खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. त्या खोलीतली भट्टी बुरुल गेल्यापासून त्याने पेटवलीच नव्हती. तो स्वयंपाकघरात झोपे, कोट घालून. जुमाकादिर उभ्या उभ्या बोलला. सगळं बोलला. सोल्तोबायने मध्ये एकदाही वर पाहिलं नाही. सुई मात्र थांबली.

"मी तिला बोल लावायचो," सोल्तोबाय शेवटी म्हणाला. तो कालिपाशी बोलत होता. "कबरीवर जाऊन. म्हणायचो, एवढी कसली घाई झाली होती गं तुला? मीच म्हणायचो. तिचा नवरा."

"तुम्हाला काय माहीत होतं, भावजी," कालिपा म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू फुटलं.

सोल्तोबाय उठला, बंद खोलीचं दार उघडलं. "पाड भोक," तो जुमाकादिरला म्हणाला. "मग जा. पुन्हा माझा उंबरा चढू नकोस."

जुमाकादिरने भोक पाडलं, लोखंडाचा कीस फडक्याने पुसून घेतला आणि तो गेला. त्यानंतर त्याने तो उंबरा खरोखरच कधी चढला नाही.

बाकीच्या घरांत कालिपा गेली नाही. तिला कानावर येई ते एवढंच: काहींनी त्याला चहा दिला, काही हसले, दोघांनी हाकलून दिलं आणि मग बायकोच्या धाकाने परत बोलावलं. पण तो हिवाळाभर ड्रिल घेऊन फिरत राहिला आणि प्रत्येक दारात तेच सांगत राहिला. त्याच्या मुलाने बॉयलर उपटून परसात टाकला. मुकाशकडे एवढी कामं आली की तो कालिपाला बघून लांबूनच ओरडे, "आपा, तुझ्या लहान भट्ट्यांनी माझी कंबर मोडली!"

नववर्षाला मेलिस आला. बाहेर अंगणातलं पाणी दगडासारखं गोठलं होतं. दुपारी पेटवलेली भट्टी कधीच विझली होती, आणि तो भट्टीच्या विटांना पाठ लावून अनवाणी बसला होता. तरी म्हणालाच, "आपा, एक छोटा विजेचा हीटर ठेवून जातो. तू आजारी पडलीस, लाकडं आणता आली नाहीत तर?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग ठेव," कालिपा म्हणाली.

वसंतात बुरुलच्या नावाने जेवण झालं. खालच्या आळीची एक म्हातारी, जिला हिवाळ्यातलं काही कळलं नव्हतं, हात पुसता पुसता म्हणाली, "चांगली होती हो बिचारी. घाई केली, एवढंच."

कालिपाने मान वर केली. पण तिच्याआधी सोल्तोबायच बोलला. पुरुषांच्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"घाई नव्हती केली तिनं. तिला जसं सांगितलं होतं, तसंच केलं."

लांब दाराशी बसलेल्या जुमाकादिरने मान खाली घातली. कालिपा उठली, मटणाचं ताट उचललं आणि वाढायला सुरुवात केली. त्याच्यापुढे आली तेव्हा तिने वाढलं, सगळ्यांना वाढलं तेवढंच, आणि पुढे गेली.